प्लास्टिक अख्खं असताना पकडा: बडोद्याच्या कांसांपासून खंभातच्या आखातापर्यंत

दांडिया बाजारातल्या एका गणेश मंडळाने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा: मंडळ दरवर्षी ५ जूनला विश्वामित्री नदीकाठी सफाई करतं, पण बडोद्याला समुद्र नाही. मग या कामाचा समुद्रातल्या जिवांना काही उपयोग होतो का, आणि होत नसेल तर काय बदलावं? दुसरा: आठवी-नववीच्या मुलांना नदीतलं सूक्ष्म प्लास्टिक मोजायचं आहे, ते शाळेच्या साधनांत जमेल का?

उपयोग होतो. पण बडोद्यासाठी ५ जून ही उशिराची तारीख आहे, आणि नदीचा काठ ही बऱ्याच अंशी चुकीची जागा आहे (बरी जागा म्हणजे कांसं, शहरातलं पाणी नदीला नेणारे मोठे नाले). दोन्हींचं कारण एकच. प्लास्टिक अख्खं असतं तोवरच ते माणसाच्या हाती लागतं. एकदा चुरा झाला की तो पकडायचं साधन कुणाकडेच नाही.

काठावर पडलेली एखादी विणलेली गोणी घ्या, सिमेंटची किंवा धान्याची. ती पॉलिप्रॉपिलीनच्या चपट्या पट्ट्यांची असते. दिवाळीच्या सुमारास टाकलेली गोणी पौषात दोन्ही हातांनी ओढली तरी फाटत नाही. तीच ज्येष्ठात उचलायला जा, कोपरा तेवढा हातात येतो आणि बाकीची जागच्या जागी भुरभुरते. खाली पांढऱ्या काड्यांचा सडा पडतो, तो झाडूनेही गोळा होत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात आणि बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, त्याहून तापलेल्या मातीवर, हे काम भराभर होतं. पाण्यात हेच फार सावकाश होतं, कारण पाणी थंड असतं आणि वर शेवाळाचा थर चढून ऊन अडतं. प्लास्टिकचा चुरा लाटा करतात असं आपण धरून चालतो, पण नदीने नेलेल्या प्लास्टिकचं दळण बरंचसं काठावरच झालेलं असतं. चैत्र-वैशाख ही त्याची गिरणी, आणि जूनमधला पहिला जोराचा पाऊस ते पीठ वाहून नेतो. ५ जूनला तुमच्या हाती लागतं ते गिरणीतून उरलेलं.

आता ते जातं कुठे ते पाहू. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून निघते, बडोद्यातून वळणं घेत पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. आखाताकाठच्या कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाला जाऊन आलेल्यांना या आखाताची भरती समजावून सांगावी लागत नाही. ओहोटीला ज्या पिंडीचं दर्शन घेतलं ती भरतीला पार पाण्याखाली जाते. आखाताच्या वरच्या टोकाकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या घरात जातो, तोही दिवसातून दोनदा. एवढं पाणी इतक्या अरुंद, उथळ जागेत ये-जा करतं तेव्हा नदीने आणलेली पिशवी सरळ अरबी समुद्रात निघून जात नाही. ओहोटीबरोबर खाली, भरतीबरोबर वर, अशी ती हेलकावे खात गाळात घासत राहते. तिला आधी बारीक चिकणमाती चिकटते, मग जिवाणूंचा बुळबुळीत थर, मग शेवाळ. पातळ पिशवीच्या पॉलिथिनची घनता ०.९२ च्या आसपास आणि समुद्राच्या पाण्याची १.०२५. फरक इतका थोडा आहे की एवढा लेपही तिला बुडवायला पुरतो. मग ती चिखलावर बसते, नाहीतर तिवरांत अडकते.

आखाताबाहेर जे पडतं तेही फार दूर जात नाही. पॅसिफिकमध्ये कचऱ्याचा मोठा भोवरा एका जागी फिरत राहतो, तसा उत्तर हिंदी महासागरात टिकत नाही. मोसमी वाऱ्यांबरोबर इथले प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतात आणि तरंगतं प्लास्टिक पुन्हा कुठल्यातरी किनाऱ्यावर येऊन पडतं. म्हणून बडोद्याच्या प्लास्टिकचा विचार करताना डोळ्यांसमोर आणायचे ते खंभातच्या चिखलातले निवटे आणि खेकडे, आखातातले बोंबील आणि सौराष्ट्राच्या वाळूत अंडी घालणारी कासवं.

निवट्यापासून सुरू करतो, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा हा मासा बिळात राहतो, ओल्या कातडीतून हवा घेतो आणि चिखलावर साठलेली सूक्ष्म शैवालाची तपकिरी साय खरवडून खातो. त्या चिखलावर एक मीटरभर प्लास्टिकचा कागद पसरला की तीन गोष्टी एकदम होतात. बिळाचं तोंड बंद होतं, खालच्या शैवालाला ऊन मिळत नाही म्हणून साय मरते, आणि मातीत हवा जाणं थांबून ती काळी, कुजकट वासाची होते. त्यातले किडे मेले की ते टिपायला येणारे चिखलपक्षीही ती जागा सोडतात. तिवराचं तसंच आहे. त्याची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली असतात आणि प्लास्टिक नेमकं त्यांच्यात अडकतं. जावा बेटावर केलेल्या प्रयोगात मुळं अर्धी झाकली तेव्हा झाडांनी नवी मुळं काढून तग धरला, पण पूर्ण झाकलेली झाडं पानं गाळत मरणाला टेकली. त्यामुळे तिवरांत सफाई करताना सगळं काढता आलं नाही तरी पांघरुणासारखे पसरलेले मोठे कागद आधी काढावेत.

कासवाच्या बाबतीत दोष त्याच्या घशाच्या रचनेचा आहे. समुद्री कासवाचा घसा आतून उघडला तर सगळीकडे बोटाच्या टोकासारखे टणक काटे दिसतात, आणि प्रत्येक काट्याचं टोक पोटाकडे वळलेलं असतं. जेलीफिश गिळल्यावर तोंडात आलेलं खारं पाणी बाहेर टाकताना भक्ष्य निसटू नये, यासाठी ही सोय आहे. याच सोयीमुळे गिळलेली पिशवी त्याला ओकून टाकता येत नाही. ती आतड्याच्या एखाद्या वळणावर घडी होऊन बसते, मागे अन्न कुजतं, वायू साठतो आणि कासव तरंगू लागतं. तरंगणाऱ्या कासवाला बुडी मारता येत नाही, खायला मिळत नाही, आणि होडीचा पंखाही चुकवता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कासवांच्या शवविच्छेदनांवरून २०१८ मध्ये एक हिशेब मांडला गेला. त्यात पोटात प्लास्टिकचा एकच तुकडा असला तरी त्याने मरण येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के निघाली आणि चौदा तुकड्यांना ती ५० टक्क्यांवर गेली. एक तुकडा म्हणजे दुधाच्या पिशवीचा कापून टाकलेला कोपरासुद्धा धरा. पिशवी भंगारवाल्याकडे जाते, कोपरा मोरीतून जातो. कात्रीने पूर्ण न तोडता तो पिशवीला लटकता ठेवा, एवढ्याने ती वाट बंद होते.

कासव प्लास्टिक खातंच का, याचं जुनं उत्तर होतं की ते जेलीफिशसारखं दिसतं. ते अर्धंच आहे. समुद्रात काही आठवडे राहिलेल्या, शेवाळ चढलेल्या प्लास्टिकला अन्नासारखा वास येतो. २०२० मध्ये छापून आलेल्या प्रयोगात कासवांना स्वच्छ प्लास्टिकचा वास दिला तेव्हा त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. शेवाळलेल्या प्लास्टिकचा वास येताच मात्र ती खाण्याचा वास आल्यासारखी नाकपुड्या पाण्याबाहेर काढून हुंगू लागली. पिशवी जितकी जुनी तितकी ती कासवाला जास्त खरी वाटते.

दोऱ्याची गोष्ट वेगळी आणि बडोद्याला जास्त जवळची. नायलॉनची घनता १.१४ आहे, म्हणून तो पाण्यात बुडतो. मासेमारीची तुटलेली जाळी तळाशी वर्षानुवर्षं मासे मारत राहतात ती यामुळेच. आपल्याकडे उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंगांबरोबर उडणारी चायनीज दोरी हाच पदार्थ. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर झाडांवर आणि कांसांच्या कठड्यांवर ती सापडतेच. सुती मांजा एका पावसाळ्यात कुजतो, ही कुजत नाही. कासवाच्या वल्ह्यासारख्या पायाला एक वेढा बसला की तो वाढत्या अंगाबरोबर आत रुतत जातो, रक्त थांबतं आणि पाय गळून पडतो. विश्वामित्रीतल्या मऊ पाठीच्या कासवांनाही हाच धोका आहे. १४-१५ जानेवारीनंतर आठवडाभर जी दोरी उतरवाल तिचे वीतभर लांबीहून लहान तुकडे करून झाकणाच्या बाटलीत भरा आणि बाटली कोरड्या कचऱ्यात द्या. गुंडाळी करून टाकलेली दोरी उकिरड्यावर पुन्हा सुटते. हातात जाड मोजे घाला, काच लावलेली दोरी पातळ रबराच्या मोज्यातून आत जाते.

अख्ख्या वस्तूंचा हा हिशेब डोळ्यांना दिसतो. चुऱ्याचं काम न दिसता चालतं. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात, आणि हे नाव २००४ पासून रूढ झालं. कालवांना दोन महिने पॉलिस्टायरीनच्या अतिसूक्ष्म मण्यांच्या पाण्यात ठेवलं तेव्हा त्यांनी ३८ टक्के कमी अंडी दिली. ऊर्जा पचनात आणि अंग सावरण्यात गेली, प्रजननाला कमी उरली. एवढं साधं कारण आहे, पण तेच तरंगत्या सूक्ष्मजीवांपासून शिंपल्यांपर्यंत पुन्हा पुन्हा दिसतं: पोट भरलेलं, पोषण नाही. प्रयोगशाळेतलं प्रमाण बहुतेक वेळा समुद्रातल्यापेक्षा जास्त असतं, हे लक्षात ठेवूनच असे आकडे मुलांना सांगावेत. प्लास्टिक विषारी द्रव्यं शोषून घेतं हे खरं आहे, पण माशाच्या अंगात ती मुख्यतः त्याच्या नेहमीच्या अन्नातून येतात. तेवढ्यावर भीतीचे फलक रंगवू नयेत. प्रवाळाचं मात्र ठाम सांगता येतं. आशिया-पॅसिफिकमधल्या प्रवाळांच्या २०१८ च्या पाहणीत प्लास्टिकचा स्पर्श नसलेल्या प्रवाळात रोगाची शक्यता ४ टक्के होती, आणि प्लास्टिक लागलेल्या ठिकाणी ८९. प्लास्टिक घासून जखम करतं, ऊन अडवतं आणि रोगजंतूंना बसायला जागा देतं. गुजरातचे प्रवाळ कच्छच्या आखातात आहेत, तिथे हे लागू पडतं.

आणखी एक प्रकार बडोद्याने विसरू नये असा आहे, तो म्हणजे दाणा. प्लास्टिकच्या वस्तू ज्यापासून बनतात तो मसुराएवढा, तीन ते पाच मिलिमीटरचा गोळा. एका दाण्याचं वजन साधारण २५ मिलिग्रॅम धरलं तर २५ किलोच्या एका पोत्यात दहा लाख दाणे होतात. पोतं आकड्याने ओढलं, कोपरा फाटला, दोन मुठी सांडल्या, कामगाराने नळी लावून फरशी धुतली, की हजारो दाणे गटारात. तो अख्खाच सूक्ष्म प्लास्टिक असतो, त्याला दळायचीही गरज नाही, आणि माशाला तो अंड्यासारखा दिसतो. २०२१ मध्ये कोलंबोजवळ बुडालेल्या एक्स-प्रेस पर्ल जहाजातून सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ उलटल्यावर केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर पांढरा थर आला. जहाज बुडतं तेव्हा बातमी होते, फरशी धुतली जाते तेव्हा होत नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा शहराबाहेर कुणाचा मोल्डिंगचा कारखाना ओळखीचा असेल तर तीन गोष्टी सांगा. पोती ताडपत्रीवर उघडायची, सांडलेलं झाडायचं आणि धुवायचं नाही, आणि गटाराच्या तोंडाशी दीड मिलिमीटरची स्टीलची जाळी बसवून ती रोज संध्याकाळी साफ करायची. जाळी तुंबली की कामगार ती काढून ठेवतात. म्हणून आधी मोठ्या छिद्रांची, वर काढता येणारी टोपली आणि तिच्यामागे बारीक जाळी, अशा दोन पायऱ्या ठेवाव्यात.

आता मंडळाच्या कामाचं वेळापत्रक. पुरानंतर, म्हणजे आश्विन-कार्तिकात, पुलांजवळच्या झाडांवर अडकलेलं आधी उतरवा. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर फांद्यांना डोक्याच्या कितीतरी वर पिशव्या लोंबत होत्या, त्यावरून पाणी कुठवर आलं होतं ते कळत होतं. या लोंबत्या पिशव्यांना चहूबाजूंनी ऊन लागतं, म्हणून त्यांचा चुरा सगळ्यांत आधी होतो. लांब बांबूला आकडी बांधून ओढताना खाली चादर धरा. दुसरी फेरी उत्तरायणानंतर, माघ-फाल्गुनात, ऊन तापायच्या आत. आणि ही फेरी नदीत नको, कांसांत हवी.

याला आणखी एक कारण मगरी. विश्वामित्रीच्या बडोद्यातल्या पट्ट्यात शेकडो मगरी राहतात. थंडीत त्या दिवसा काठावर ऊन खातात, फेब्रुवारी ते एप्रिल काठाच्या मातीत अंडी घालतात आणि मादी घरट्याजवळ राखण करते. त्या दिवसांत शाळेची मुलं काठावर उतरवणं धोक्याचं आहे, आणि घरटी तुडवली जातात ते वेगळंच. काठावर काम करायचंच तर वन खात्याची परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत हवा. भुखी कांस, रूपारेल कांस अशा शहरातून वाहणाऱ्या कांसांत माघानंतर पाणी कमी असतं आणि कचरा नदीला मिळायच्या आधी एका रेषेत सापडतो. मगर तिथेही येते, म्हणून उतरण्याआधी वरून पाहून घ्या, पाण्यात पाय नको आणि संध्याकाळी काम नको.

कांसाच्या तोंडाशी महापालिकेच्या परवानगीने वाहता कचरा अडवणारा तरंगता अडसर बसवता येतो. ते मंडळाच्या आवाक्यातलं काम आहे, पण तपशील चुकले तर अडसरच कचरा होतो. ११० मिलिमीटर व्यासाचा काळा एचडीपीई, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिनचा, पाइप घ्या. पीव्हीसीचा नको, तो उन्हात ठिसूळ होतो आणि पाणी शिरलं तर बुडतो. दोन्ही टोकं पक्की बंद करा. एक मीटर पाइप साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो आणि जाळीसह त्याचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरतं, म्हणून त्याचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात राहतो. तो निम्म्याच्या खाली गेला तर समजा की आत पाणी शिरलं. पाइपाखाली ३० सेंटीमीटर उंचीची, २५ मिलिमीटर छिद्रांची जस्त चढवलेली वेल्डमेश (तारेची जाळी) लटकवा आणि तिच्याखाली तळापर्यंत किमान ३० सेंटीमीटर जागा मोकळी सोडा, मासे आणि कासवं तिथून जातील. मासेमारीचं नायलॉनचं जाळं इथे कधीही लावू नका. मगर आणि कासव हवेत श्वास घेतात, जाळ्यात गुंतले तर बुडून मरतात.

अडसर प्रवाहाला आडवा बांधणं ही सगळीकडे होणारी चूक. आडव्या अडसरावर पाणी आदळून खाली वळतं आणि पिशव्या जाळीखालून निघून जातात. तो प्रवाहाशी ३० अंशांचा कोन करून तिरपा बांधला की लंब दिशेचा वेग निम्मा होतो आणि कचरा अडसराच्या कडेने सरकत एका काठाशी जमतो. सहा मीटर रुंद कांसाला असा अडसर बारा मीटरचा होतो. त्यात ढिलेपणासाठी दीड मीटर धरा. त्याहून ढिला ठेवलात तर मधोमध पोट येतं आणि कचरा हात न पोचणाऱ्या जागी जमतो. वेग मोजायला संत्रं टाकून दहा मीटरला किती सेकंद लागतात ते पाहा. दहा सेकंद लागले तर सेकंदाला एक मीटर, आणि तिरप्या अडसराची मर्यादा साधारण तीच. प्रवाहाच्या वरच्या बाजूचं टोक पोलादी तारेने पक्क्या खांबाला, आणि खालचं, जिथे कचरा जमतो ते, काथ्याच्या दोराने बांधा. पूर आला की काथ्या तुटतो, अडसर दारासारखा काठाला लागतो आणि वाचतो. दोन्ही टोकं तारेने बांधली तर पहिल्या पुरात खांबासकट सगळं विश्वामित्रीत. जमलेला कचरा दर दोन दिवसांनी काढा, जलपर्णी आली तर रोज, आणि पावसाचा अंदाज असला तर पाऊस यायच्या आधी.

काढलेल्याचं काय करायचं, याचं उत्तर आधी ठरवा. पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या भंगारात विकल्या जातात, त्यामुळे त्या कांसात मुळातच कमी असतात. तिथे सापडतात ती वेफर्सची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, पानाच्या टपरीवर मावा बांधून देतात तो पातळ प्लास्टिकचा कागद आणि मखराचा थर्माकोल. ज्याला भाव नाही तेच वाहत जातं. यातली बहुपदरी पाकिटं आणि मळका पातळ कागद सिमेंटच्या भट्टीत जाळायला जाऊ शकतो, पण ओला, चिखलाने भरलेला आणि पीव्हीसी मिसळलेला माल परत येतो, कारण पाण्याने उष्णता जाते आणि क्लोरीन भट्टीला चालत नाही. टबात बुचकळून धुवा, ते पाणी सुती पंच्यातून गाळून ओता, दोन दिवस पसरून वाळवा, मगच वजन करा. ओलं वजन लिहून ‘इतके किलो प्लास्टिक काढलं’ म्हणणं चुकीचं आहे, त्यात चिखल जास्त असतो.

गणपतीच्या प्रसादासाठी ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या पिशव्या घेत असाल तर थांबा. इंग्लंडमध्ये अशा पिशव्या तीन वर्षं माती आणि समुद्रात ठेवून पाहिल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष छापला तेव्हा ‘बायोडिग्रेडेबल’ पिशवीतून अजूनही बाजार उचलून आणता येत होता. ‘कंपोस्टेबल’ पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत सव्वादोन वर्षांनंतरही तिचं अस्तित्व होतं. पळसाची पत्रावळ आणि कागदाचा पुडा, याला पर्याय शोधायची गरज नाही.

आता मुलांचं मोजमाप. शाळेत फक्त १ ते ५ मिलिमीटरचे तुकडे मोजावेत. त्याहून लहान मोजायचे तर शेवाळ-काडीकचरा तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळावा लागतो, तो उकळून अंगावर येतो. शिवाय अर्ध्या मिलिमीटरखाली नुसत्या डोळ्यांची ओळख भरवशाची राहत नाही, त्याला वर्णपटमापक लागतो. ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं काम.

पाण्यापेक्षा गाळ घ्या, त्यात तुकडे जास्त मिळतात. कांसाच्या कोरड्या कडेला ५० सेंटीमीटर बाजूची लाकडी चौकट ठेवून वरचा दोन सेंटीमीटर थर स्टीलच्या उलथन्याने खरवडा. प्लास्टिकची बादली, नायलॉनचा दोर, रंगीत सिंथेटिक कपडे यांतलं काहीही नको. स्टीलच्या ताटात, वर सुती कापड टाकून, ६० अंशांखाली वाळवा. त्याहून तापवलं तर पातळ प्लास्टिकचा कागद आकसतो. वाळलेल्या गाळाचं वजन घ्या, तो ५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली आणि १ मिलिमीटरच्या चाळणीवर राहील एवढा वेगळा करा. चिकणमातीची ढेकळं राहिली तर पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा चाळा, नाहीतर तुकडे ढेकळांत लपतात.

एक लिटर पाण्यात ३६० ग्रॅम मीठ विरघळवा. शंभर मिलिलिटर द्रावणाचं वजन १२० ग्रॅमच्या जवळ भरलं पाहिजे, कमी भरलं तर मीठ पूर्ण विरघळलेलं नाही. गाळ त्यात दोन मिनिटं ढवळा, तासभर ठेवा, वर आलेलं चहाच्या गाळणीने काढा, आणि हे तीनदा करा. इथे एक चूक बहुतेक अहवालांत सापडते. बाटलीच्या प्लास्टिकची, म्हणजे पीईटीची, घनता १.३८ असते आणि मिठाचं पाणी १.२ वर थांबतं. त्यामुळे बाटलीचे तुकडे तळाशीच राहतात आणि अहवालात लिहिलं जातं की कांसात पीईटी नाही. १ ते ५ मिलिमीटरच्या मापात यावर सोपा उपाय आहे: तळाचा गाळ पुन्हा ताटात पसरून भिंगाखाली चिमट्याने वेचा. झिंक क्लोराइडचं जड द्रावण वापरायचा सल्ला कुणी दिला तर तो शाळेसाठी नाही, ते विषारी आहे.

ओळख पटवायला चिमट्याने दाबा. शंख-शिंपल्याचा कण कट्कन मोडतो, पातळ प्लास्टिक वाकतं. किड्याचे चकाकते पंख आणि बियांची साल सगळ्यांत जास्त फसवतात. शंका उरली तर शिक्षकांनी तापवलेल्या सुईचं टोक लावावं. प्लास्टिक वितळून आकसतं, बी जळून काळं पडतं. एक रिकामी चाचणी हवीच: गाळ न घालता हीच सगळी कृती करा, आणि त्यात जे तुकडे निघतील ते तुमच्या खोलीतून आलेले समजून वेगळे लिहा.

निकाल ‘दर किलो कोरड्या गाळात इतके तुकडे’ असा लिहा, सोबत चाळणीचं माप, तारीख आणि शेवटचा पाऊस कधी झाला ते. प्रत्येक ठिकाणचे तीन नमुने, एकदा कार्तिकात आणि एकदा फाल्गुनात. रकाने चार ठेवा: प्लास्टिकचा पातळ कागद, टणक तुकडा, दोरा आणि दाणा. दाण्याचा रकाना कधीही इतरांत मिसळू नका, कारण बाकीचे तीन सगळ्या शहराचे असतात आणि दाणा एखाद्या पत्त्याचा असतो. तो सापडला तर कांसाच्या कडेने वर चालत जा, प्रत्येक जोडगटाराच्या वर आणि खाली एकेक नमुना घ्या. ज्या जोडाच्या वर आकडा एकदम पडतो, दाणा त्याच गटारातून येतो आहे.